सावतोबा वारीला गेले नाहीत

आषाढीच्या वाटेवर दुपारच्या विसाव्याला जेवढे खरे बोलणे होते तेवढे चातुर्मासाच्या प्रवचनांतही होत नाही, असा आमचा अनुभव आहे. पाय चिखलाने भरलेले, टेकायला बाभळीचे खोड, हातात भाकरीचा तुकडा. अशा वेळी माणूस बनवून बोलत नाही. दोन वर्षांमागे अशाच एका विसाव्याला आमच्या दिंडीत जी गोष्ट निघाली ती तेव्हापासून मनात घर करून आहे. ती आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या दिंडीत एक पखवाजी आहेत. वीस-बावीस वर्षांत, महामारीची दोन वर्षे सोडली तर, त्यांनी आषाढी चुकविलेली नाही. हात गोड, गळाही बरा, स्वभाव मोकळा. घरी म्हातारी आई आहे. तिला लकवा होऊन पाच-सहा वर्षे झाली. धाकटा भाऊ शेत पाहतो आणि आईचेही तोच करतो, कारण थोरल्याला या ना त्या सप्ताहाचे बोलावणे असतेच. त्या वर्षी निघायच्या आधी धाकटा म्हणाला, "दादा, यंदा मी जाऊन येऊ का? तू तेवढा घरी थांब." त्यावर आपण काय उत्तर दिले ते पखवाजी मोठ्या खुशीत सांगत होते. "मी त्याला म्हणालो, अरे, सावतोबा गेले होते का कधी वारीला? तुझा मळा हीच तुझी पंढरी. तू जागचा हलू नको. देवच येईल तुझ्याकडे." मंडळींनी माना डोलावल्या. एकजण "वा बुवा!" असेही म्हणाला. आमचीही मान हलली होती, हे कबूल केले पाहिजे.

मागे एक तुळसवाली आजी बसली होती. भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "मग माउली, तुमीच का न्हाई सावतोबा हुईत?"

कोणी हसले नाही. पखवाजी पाणी प्यायला म्हणून उठले ते दिंडी हलेपर्यंत परतले नाहीत.

आजीने काही शास्त्रार्थ केला नव्हता. पण त्या एका वाक्यात मोठा प्रश्न आहे. संताचा दाखला कोणी कोणाला द्यावा? सावतोबांच्या घरी राहण्यातून आपण नेमके काय घ्यायचे? आणि जे घेतो ते आपल्या सोयीचे तेवढेच घेतो की काय?

अरण हे सोलापूर जिल्ह्याच्या माढे तालुक्यातले मोडनिंबजवळचे गाव. तेथे सावता महाराजांनी मळा पिकविला आणि तेथेच शके १२१७ च्या (इ. स. १२९५) आषाढ वद्य चतुर्दशीला देह ठेवला. ज्ञानोबारायांनी आळंदीस समाधी घेतली त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. त्यांचे अभंग थोडे, ३७ तेवढे आज हाती आहेत, आणि तेही काशिबा गुरवांनी टिपून ठेवले म्हणून राहिले असे परंपरा सांगते. आपल्या हातच्या भाजीपाल्यात त्यांनी विठाई पाहिली, हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे.

तशी प्रत्येक गावाला आपली देवी असते, आपला म्हसोबा असतो. त्यांचे गावाशी नाते देण्याघेण्याचे. नैवेद्य द्यावा, त्यांनी पिके राखावीत, रोगराई वेशीबाहेर ठेवावी. त्यात वाईट काही नाही. भयाने का होईना, माणूस हात तरी जोडतो. पण ज्या गावाला संत लाभला त्याची गत निराळी. तेरला गोरोबाकाका, मंगळवेढ्याला चोखोबा, अरणला सावतोबा. संत वेशीवर राखणीला उभा राहत नाही. तो गावात माणसासारखा राबून गेलेला असतो, आणि म्हणून तो गावाला कायमचा पेचात टाकतो. ग्रामदेवतेपुढे "आमच्यासाठी काय करशील?" असे विचारता येते. संतापुढे उभे राहिले की आपल्यालाच विचारले जाते, "मी हे असे केले, तू काय करतोस?" आपण हा पेच चुकवू पाहतो. त्यासाठी सोपी युक्ती म्हणजे संताचे बोट धरून ते दुसऱ्याकडे वळविणे.

अरणची रीत वारकऱ्यांना माहीत आहेच. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात, पण सावतोबांची येत नाही. उलट पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला जाते. पौर्णिमेचा काला होतो, आपण घरी परतून धान्याच्या कणग्या चाचपू लागतो, आणि देव आपल्या भक्ताच्या गावी निघालेला असतो. ही रीत पाहून कोणाचेही मन भरून येईल. पण ह्याच रीतीचा आधार घेऊन दोन तऱ्हांची माणसे दोन तऱ्हेने आपली फसवणूक करून घेतात. एक म्हणतो, सावतोबा गेले नाहीत, मग मी तरी कशाला जाऊ? दुसरा म्हणतो, सावतोबा गेले नाहीत, मग तू कशाला जातोस? पहिला आळशी आहे. दुसरा त्याहून कठीण, कारण त्याचा आळस नसतो, त्याला भक्ती असते. फक्त तिची किंमत दुसरा कोणी चुकती करीत असतो.

ह्या कथेची दुसरी बाजू लऊळ गावी आहे. तेही माढे तालुक्यातच. पैठणचे कूर्मदास, हात नाहीत, पाय नाहीत, कथाकीर्तन ऐकून पंढरीच्या ओढीने निघाले आणि सरपटत सरपटत लऊळपर्यंत आले. पुढे अंग हलेना. तेव्हा त्यांनी वारकऱ्यांबरोबर देवाला निरोप धाडला, की आता तूच ये. महिपतिबुवांनी इ. स. १७६२ मध्ये पुऱ्या केलेल्या भक्तविजयात ही कथा गायिली आहे. देव ज्ञानोबा आणि नामदेव ह्यांना बरोबर घेऊन कूर्मदासाच्या भेटीला निघाला, आणि वाटेत सावतोबांचा मळा लागला.

वाचकहो, इथे जरा थांबून पाहा. ज्याला न जाण्याचे सर्वांत भक्कम कारण होते तो निघाला. पैठणात बसून राहिला असता तर कोणी बोट दाखविले असते? लोकांनी उलट समजूतच घातली असेल, "बाबा, तुझ्यासारख्याला बसल्या जागी पुण्य आहे." आणि ज्याचे पाय धड होते, ज्याच्यासाठी पंढरी एका दिवसाच्या चालीवर होती, तो निघाला नाही. देव एकाच फेरीत दोघांनाही भेटला. म्हणजे जाणे हे पुण्य आणि राहणे हे पाप, असा हिशेब देवाने ठेवला नाही; आणि राहणे हे श्रेष्ठ व जाणे हे कनिष्ठ, असाही ठेवला नाही. ज्याच्यापाशी जे होते ते त्याने सगळे घातले की नाही, एवढेच पाहिले. कूर्मदासापाशी ओढ तेवढी होती. सावतोबांपाशी हातातले काम होते.

आणि मळ्यात पुढे काय घडले? देव सोबत्यांची नजर चुकवून पुढे आला आणि सावतोबांना म्हणाला, मला कुठेतरी लपव. मळ्यात लपायला जागा कमी होती का? बांध होता, झाडी होती. सावतोबांनी खुरपे घेतले आणि आपले अंग चिरून देवाला आत घेतले. मागून नामदेव आले. देवाबरोबर रोज जेवणारे, बोलणारे नामदेव. त्यांना देव दिसेना. ते रडू लागले, मळाभर शोधू लागले. देवाच्या संगे चालणाऱ्याला देव हरवला आणि तो सापडायचा होता तर खुरपणी करणाऱ्या माणसाच्या पोटात! कीर्तनकार ही कथा रंगवून सांगतात, लोक डोळे पुसतात, आणि जखमेचे कोणी बोलत नाही. आम्हाला वाटते की कथेचे मर्म त्या जखमेतच आहे. घरी राहिला त्याने राहण्याची किंमत आपल्या कातड्यातून दिली. खुरपे त्याच्या स्वतःच्या हातात होते आणि अंगही त्याचेच होते. आमच्या पखवाजीबुवांनी धाकट्याला सावतोबांचा दाखला दिला, तेव्हा खुरपे ह्यांच्या हातात होते आणि अंग धाकट्याचे.

सावतोबांनी "मी येत नाही" असे स्वतःपुरते ठरविले. "तू जाऊ नको" असे ते कोणाला म्हणाले, हे आमच्या ऐकिवात नाही. तेव्हा हा दाखला ज्याने त्याने आपल्यापुरता घ्यावा. दुसऱ्याच्या गळ्यात घातला की ती माळ राहत नाही, दावे होते.

कोणी म्हणेल, एका घरातल्या कुरबुरीला तुम्ही केवढे रूप देता. पण ही रीत एका घरातली नाही. सासुरवाशिणीला पिढ्यान् पिढ्या हेच सांगितले गेले आहे, की बाई, तुझी चूल हीच तुझी पंढरी. किती जणींच्या नशिबी सगळे आयुष्य दिंडीला भाकऱ्या बांधून देण्यात गेले आणि चंद्रभागेचे वाळवंट म्हणून ते एकदाही दिसले नाही! तिला चुलीपाशी विठ्ठल भेटलाच नसेल असे आम्ही म्हणत नाही. कदाचित तिलाच भेटला असेल आणि आपण नुसते पाय दुखवून आलो असू. परंतु तिला तो भेटला ही देवाची थोरवी झाली. तिला न पाठविणाऱ्यांनी ती आपल्या नावावर लिहून घेऊ नये.

ह्याहून जड उदाहरण चोखोबांचे. चोखोबा महाद्वाराबाहेर उभे राहिले. त्यांना आत यायचे होते. येऊ दिले नाही. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी, त्यातून विठ्ठलनाम ऐकू येत होते म्हणून ओळखून, पंढरीला आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी दिली. आज आपण नामदेव पायरीला लवतो तेव्हा समोरच चोखोबाही असतात. हे सगळे आपण प्रेमाने सांगतो, देवाने चोखोबांना कसे जवळ केले ते सांगताना गळा दाटतो. पण ह्याच कथेचा शेकडो वर्षे कोणी कसा उपयोग केला तेही आठवावे. बाहेरूनही देव भेटतो की! चोखोबांना नाही का भेटला? मग आत कशाला यायला हवे? असे म्हणत दार बंदच राहिले. पुढे १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा कुठे ते उघडण्याची वाट झाली. सहाशे वर्षांवर कालखंड तो लोटला, आणि एवढा सगळा वेळ चोखोबांच्या नावाचा गजर चालू होता.

सावतोबा राहिले आणि चोखोबांना ठेवले. दोघेही देवळाबाहेरच होते, दोघांनाही देव भेटला, एवढ्यावरून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. एकाच्या राहण्यात त्याची स्वतःची निवड होती. दुसऱ्याच्या राहण्यात आपला अपराध होता. कोणाला "तुझ्या जागीच तुझी पंढरी" असे सांगण्यापूर्वी आपण सावतोबांची गोष्ट सांगत आहोत की चोखोबांची, हे स्वतःच्या मनाला विचारलेले बरे.

मग जो खरोखरच अडला आहे, ज्याला कोणी अडविलेले नाही पण कर्तव्य सोडवत नाही, त्याने काय करावे? त्याच्यासाठी पुंडलिक आहे. आपण पंढरीला जातो म्हणजे कोणाच्या गावाला जातो, हे चालण्याच्या नादात विसरायला होते. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. देव दाराशी आला तरी तो उठला नाही. मागे वीट सरकविली आणि थांब म्हणाला. तो उठला असता तर वीट नाही, विटेवरचा विठ्ठल नाही, आणि आपली वारीही नाही. सेवा सोडून जो उठला नाही त्याच्या दाराशी देव उभा राहिला, आणि त्या दाराशी जायला आपण सेवा दुसऱ्यावर टाकून निघतो! ह्यातली विसंगती आमच्या ध्यानात इतक्या वारींनंतर आली, तीही त्या तुळसवाल्या आजीमुळे. आम्हीही ज्या घरातून निघतो त्या घरात कोणीतरी मागे राहिलेलेच असते.

राहणाऱ्याचे मन कसे असते ह्याची चव आपणा सर्वांना एकदा मिळाली आहे. इ. स. २०२० साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका दशमीला एस. टी. ने पंढरीला नेल्या, आणि लाखो वारकरी घरी बसले. २०२१ मध्येही तेच. त्या दोन वर्षांत जो तो सावतोबांचे नाव घेत होता, आम्हीही घेतले. पण खरे सांगायचे तर आमच्याने सावतोबा होणे झाले नाही. एकादशीच्या सकाळी अंगणात पताका घेऊन उभे राहिलो, पाय तळमळत होते, आणि मनात विठ्ठलापेक्षा वाटच जास्त होती: आज अमुक ओढा उतरलो असतो, आज रिंगण पाहिले असते. देवाची ओढ किती आणि चालण्याची सवय किती, हे त्या वर्षी कळले. २०२२ ला पुन्हा वाट मोकळी झाली, तेव्हा आनंदात ते कळणे विसरूनही गेलो.

म्हणून राहणे सोपे आहे असे कोणी समजू नये. दिंडीत चालणाऱ्याला शेकडो गळ्यांचा आधार असतो. थकला तर टाळ उचलून धरतात, झोपला तर अभंग उठवितो. मळ्यात एकट्याने, पाणी धरता धरता, बैलाला शिवी न देता नाम घेणे हे वेगळेच काम आहे. तिथे ऐकायला कोणी नाही, पाया पडायला कोणी नाही, वाऱ्या मोजायला कोणी नाही. तेथेही ज्याचे मन ठरते त्याच्या घरी देवाने पालखीत बसून जावे, ह्यात नवल कसले! परंतु त्या वाटेला जाणाऱ्याने स्वतःहून जावे. ज्याला दुसऱ्याने बांधून तिथे ठेवले त्याच्या मनात विठ्ठलाच्या आधी राग बसतो, आणि तो राग त्याचा दोष नव्हे.

वारी बंद करून सगळ्यांनी घरी बसावे, असे आम्ही सुचवीत आहोत असा तर्क कृपया कोणी करू नये. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउली निघतात तेव्हा आमचेही पाय जमिनीवर ठरत नाहीत. सावतोबांच्या नावावर वारी टाळणारे जे पहिल्या तऱ्हेचे लोक आहेत त्यांना तर आमचे सांगणे आहे, की आधी सावतोबांइतका मळा पिकवा. पण ज्या घरात दोघांपैकी एकालाच जाता येते तिथे जाणे वाटून घेतले पाहिजे, आणि राहणेही वाटून घेतले पाहिजे. हा साधा व्यवहार आहे. परमार्थाच्या गोष्टींत तो बोलायला आपण कचरतो, एवढेच.

आमच्या पखवाजीबुवांचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. त्या दुपारनंतर ते दोन मुक्काम फारसे बोलले नाहीत. पंढरीत पोहोचल्यावर त्यांनी नेहमीसारखे आम्हाला बोलाविले, पेढा हातावर ठेवला, आणि पुढल्या सालच्या दिंडीच्या यादीत आपल्या जागी धाकट्याचे नाव लिहायला सांगितले. "त्याला पखवाज येत नाही," आम्ही म्हणालो. "टाळ धरील," ते म्हणाले.

गेल्या आषाढीला धाकटा आला. पहिल्या तीन दिवसांत पायांना फोड आले, तरी गाडीत बसायला तयार होईना. त्याच आजीने त्याच्या फोडांना कडुनिंबाचा पाला वाटून लावला. हाच तो धाकटा हे तिला ठाऊक नव्हते आणि आम्हीही सांगितले नाही. रोज संध्याकाळी मुक्कामावर हरिपाठ संपला की त्याचा फोन वाजे. पलीकडून थोरला विचारीत असे, आईला कुशीवर वळवायचे ते डावा हात आधी खाली घालून की उजवा? ती माझ्या हातची पेज घेत नाही, तू तिला काय म्हणून पाजतोस? मोटारीचे फ्यूज कुठे ठेवलेस? धाकटा हातातले टाळ मांडीवर ठेवून एकेक गोष्ट सावकाश सांगत असे. एकदा बोलता बोलता तो गप्प झाला, फोन कानाशी तसाच. काय झाले, असे आम्ही खुणेने विचारले.

"काही नाही," तो म्हणाला. "दादा आईपाशी बसून नमनाचा अभंग म्हणतोय. तिनेच मागितला म्हणे."